फराळाच्या ताटातील रहस्य

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागले की टिळकवाडी, उद्यमबाग, पिरनवाडी मागे टाकीत आपण मच्छे गावी येतो. पुढे हाच रस्ता गोव्याकडे जातो. दिवाळीच्या सुमारास येथे शिवारात भाताची सुगी आणि घरात फराळाची गडबड एकदमच सुरू होते. मुले अंगणात मातीचे किल्ले उभारण्यात गढलेली असतात. कर्नाटकातील शाळांना लांब सुट्टी मिळते ती दसऱ्याची. दिवाळीच्या वाट्याला मोजकेच दिवस येतात. त्या मोजक्या दिवसांत आम्ही मच्छे गावी बसून एक रहस्यकथा वाचली, तीही नाताळातील.

सणाच्या दिवशी चोरीची नि खुनाची गोष्ट कशाला, असे कोणी वडीलधारे विचारतील. परंतु सण आणि कथा यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाबरोबर वाचनाचे ताट वाढण्याची रीतच पडली. विलायतेत अगाथा ख्रिस्ती यांचे नवे पुस्तक नाताळात घ्यावे, असा प्रघात प्रकाशकांनी पाडला होता. बंगाल्यांचे पूजा-अंकही तसेच. सत्यजित राय यांच्या 'जय बाबा फेलुनाथ' या कथेत ऐन दुर्गापूजेत काशीच्या एका बंगाली घरातील गणेशमूर्ती नाहीशी होते. या कथेवर त्यांनी स्वतःच १९७९ साली चित्रपट काढला.

आम्ही वाचलेली कथा म्हणजे ख्रिस्तीबाईंची 'द ॲडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग'. याच नावाचा संग्रह १९६० साली निघाला. एका राजपुत्राचे माणिक चोरीस जाते. त्याच्या शोधार्थ हर्क्युल पॉयरो खेड्यातील एका जुन्या वाड्यात नाताळचा पाहुणा म्हणून राहतो. पुडिंग खाऊ नये, अशी अडाणी अक्षरांतील चिठ्ठी त्याला मिळते आणि शेवटी त्या पुडिंगातूनच माणिक निघते. आपल्याकडे करंजीत हिऱ्याची अंगठी सापडावी तसेच हे!

माणिक तेथे कोणी ठेवले, ते आम्ही सांगत नाही. सांगावयाचे आहे ते निराळेच. हा जगप्रसिद्ध गुप्तहेर भिंग घेऊन रांगत नाही. तो स्वयंपाकघरात जातो, स्वयंपाकिणीच्या हाताची मनापासून तारीफ करतो आणि पुडिंग केव्हा केले, कोणते ताटात आले, हे तिच्याच तोंडून काढून घेतो. धोक्याची चिठ्ठीही एका मोलकरणीने भल्या बुद्धीने लिहिलेली असते. घरात ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यांनीच सारे पाहिलेले असते.

आमच्या पिढीने रहस्यकथा वाचल्या त्या प्रामुख्याने बाबूराव अर्नाळकरांच्या. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळा पहाड धाडसाचे नायक होत. लहान गावातील रहस्यकथेला धाडसाहून शेजार अधिक लागतो. कोणाच्या घरी चकलीची भाजणी कधी दळली, कोणाच्या गोठ्यात दिवा उशिरापर्यंत का जळत होता, हे माहीत असणारी माणसे लागतात.

म्हणूनच मनात आले, मच्छे गावी आज असे काही घडले तर पॉयरोने विचारावे कोणाला? जुन्या गल्लीत त्याला उत्तर मिळेल. तेथे अजून फराळाची ताटे घरोघर फिरतात आणि ताटाबरोबर बातमीही फिरते. परंतु गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे 'ज्ञानसंगम' आवारही येथेच. कामासाठी नि शिक्षणासाठी माणसे दूरदूरहून येतात. भाड्याच्या खोलीतील तरुणाला शेजाऱ्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही. येथील हेराला मराठी यावी लागेल, कन्नड यावी लागेल, थोडी उर्दू-हिंदीही. आणि मुख्य म्हणजे दारे ठोठावण्याइतका निवांतपणा हवा.

याचे आम्हांस दुःख नाही, गावे वाढावयाचीच. परंतु शेजाऱ्याची दखल घेण्याची सवय गेली तर मात्र मोठी वस्तू हरवली असे होईल, आणि ती कोणा पुडिंगात सापडणार नाही. रहस्यकथा ही सवय नकळत लावते. प्रत्येक पात्राकडे नीट पाहा, मोलकरणीचे बोलणेही वाया जाऊ देऊ नका, हा तिचा पहिला धडा होय.

दुसरा लाभ भाषेचा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासूनचे. म्हणजे ग्रंथांची वाण या भागाला नाही. वाण आहे ती वाचू लागणाऱ्या मुलांची. मुलाला कादंबरीचे थोरपण सांगून वाचावयास बसविता येत नाही, पण 'पुढे काय झाले' या ओढीने ते जोडाक्षरांचा डोंगरही चढते, हे आम्ही वर्गात पाहिले आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना याचे मोल अधिक. तेव्हा येत्या दिवाळीत अंक घरी आला की त्यातील रहस्यकथा आधी मुलाच्या हाती द्यावी आणि आजीला मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगावे. चोर बहुधा आजीच आधी ओळखेल.