चाळीस वर्षे गप्प बसलेला रेणू

औषध ही आपल्याकडे घ्यायची वस्तू आहे, समजून घ्यायची नव्हे. डॉक्टरांनी लिहून द्यावे, दुकानदाराने पुडीत घालावे आणि रोग्याने डोळे मिटून गिळावे, अशी आपली रीत. त्या गोळीत काय आहे, ते कोणी शोधले, असे विचारले तर ‘तुला काय करायचंय?’ असा उलटा प्रश्न येतो. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने विचारले तर तो जरा अधिकच जोरात येतो!

मलाही हे विचारण्याचे काही कारण नव्हते. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या आत्याला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची पाकिटे घरी आली आणि त्यांवरचे इंग्रजी वाचण्याचे काम माझ्याकडे आले. घरात दुसऱ्या कोणाला ते वाचता येत नव्हते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. मी मोठ्याने वाचली तेव्हा आत्या म्हणाली, “राक्षसांची नावं वाटतात गं. कुणी ठेवली?” सहा महिन्यांनी आत्या बरी झाली, पुन्हा शेतावर जाऊ लागली. आमच्याच आळीतल्या एका काकांना मात्र याच गोळ्या लागू पडल्या नाहीत. जंतू औषधाला सरावले होते. काका गेले. तेव्हापासून ही नावे माझ्या मनातून हललीच नाहीत.

त्यांतल्या पहिल्या नावाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९१२ साली प्राग शहरात हान्स मेयर आणि योसेफ माली या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी आयसोनियाझिड तयार केले. त्याचे वर्णन छापले आणि ते आपापल्या कामाला लागले. हा पदार्थ क्षयाच्या जंतूला मारतो, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. ते उमगले १९५२ च्या सुमारास. आणि तेही तीन निरनिराळ्या औषधकंपन्यांच्या संशोधकांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच वेळी! मधली चाळीस वर्षे तो रेणू छापील कागदावर गप्प बसून होता. त्या चाळीस वर्षांत क्षयाने किती घरे ओस पाडली असतील, याचा हिशेब कोण देणार? एक मात्र बरे झाले. पदार्थ १९१२ सालीच जगजाहीर झाला असल्यामुळे त्याच्यावर कोणाला मालकी सांगता आली नाही. तो स्वस्त राहिला आणि गरिबाच्या हाती लागला.

ज्ञान असणे आणि ते हाताशी असणे यांत केवढे अंतर असते, ते मला या हकीकतीने शिकवले. हे अंतर मोबाईल फोनच्या साहाय्याने कमी करू पाहणाऱ्या काही रसायनशास्त्रज्ञांविषयी पुढे माझ्या वाचनात आले आणि मी अधिक शोधू लागले.

ॲलेक्स क्लार्क हे त्यांतले एक. २०१० च्या सुमारास त्यांनी फोनवर रेणूंची आकृती काढण्याचे आणि त्यांची माहिती तक्त्यात साठवण्याचे ॲप तयार केले. वाटते तेवढे हे सोपे नाही. रेणूच्या आकृतीत षट्कोन असतात, एकेरी-दुहेरी रेघा असतात, त्यांचे कोन ठरलेले असतात. आणि आपले बोट तर त्या इवल्याशा पडद्यावर मुसळासारखे! म्हणून युक्ती अशी की, माणसाने फक्त सांगायचे, या अणूला तो अणू अशा बंधाने जोड. कोन आणि लांबी यंत्राने जुळवायची. यंत्राच्या पोटात चित्र नसतेच. तेथे असते एक यादी: कोणता अणू कोठे आणि कोण कोणाशी बांधलेला. ही यादी इतकी आटोपशीर असते की एखाद्या निरोपासारखी ती जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडता येते.

क्लार्क आणि त्यांचे सहकारी शॉन एकिन्स यांनी पुढे ‘टीबी मोबाईल’ नावाचे विनामूल्य ॲप केले. २०१३ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. क्षयाच्या जंतूवर चालणारे सातशेहून अधिक रेणू त्यात होते, आणि प्रत्येक रेणू जंतूच्या कोणत्या प्रथिनावर घाव घालतो, तेही होते. आयसोनियाझिड जंतूच्या मेणचट कवचाचे बांधकामच बंद पाडते. पुढच्या, म्हणजे २०१४ च्या आवृत्तीत एखादा नवा रेणू काढून दाखवला की तो कोणत्या प्रथिनावर चालेल, याचा अंदाजही ॲप देई. कसा? प्रत्येक अणूच्या आसपास कोण आहे हे ते नोंदवी आणि ती नोंद जुन्या रेणूंच्या नोंदींशी ताडून पाही. माणूस ओळखायचा तर त्याचा शेजार पाहावा, असे आपल्याकडे म्हणतातच की!

त्याआधी, २०१२ साली, याच दोघांनी अँटनी विल्यम्स यांच्यासह आणखी एक ॲप पुढे आणले होते. क्षय, हिवताप यांसारखे दुर्लक्षित आजार आणि काही अगदी दुर्मिळ आजार यांविषयी ट्विटरवर जे लिहिले जाई, ते विषयवार गोळा करून ते वाचकांपुढे मांडी. संशोधक काय, रोग्याचे नातेवाईक काय, सगळे एकाच पंक्तीला. ज्या तीन कंपन्यांनी एकच शोध वेगवेगळ्या बंद दारांआड लावला, त्यांच्या अगदी उलट ही रीत!

आपल्या देशातही अशी दारे उघडली गेली होती. २००८ साली सीएसआयआरने क्षयावरील औषधांसाठी सर्वांना खुला असा संशोधन-उपक्रम सुरू केला. क्षयाच्या जंतूत सुमारे चार हजार जनुके आहेत. त्यांची माहिती नव्याने जुळवण्याच्या कामात २०१० साली देशभरातील शेकडो विद्यार्थी सहभागी झाले. आमच्याच वयाची मुले होती ती!

कोणी म्हणेल, फोनवरच्या खेळण्याने रोग का बरा होतो? नाही होत. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलिन हे क्षयावरचे नव्या जातीचे औषध चाळीसहून अधिक वर्षांच्या खंडानंतर आले, आणि ते प्रयोगशाळेतल्या घामातूनच आले. शिवाय ॲपचे आयुष्य कागदापेक्षाही थोडे. फोन बदलतात, कंपन्यांचे नियम बदलतात. २०२३ साली ट्विटरचे नावही बदलले आणि तेथील मजकूर फुकट गोळा करण्याची जुनी सोयही गेली. दुसऱ्याच्या अंगणात मांडव घातला की मालक म्हणेल तेव्हा तो उतरवावा लागतो. १९१२ चा कागद निदान ग्रंथालयात टिकून राहिला. म्हणून मला वाटते, ॲप गेले तरी चालेल. त्यातली माहिती मात्र कोणालाही वाचता येईल अशा खुल्या रूपात मागे उरली पाहिजे.

आणि यात कलाशाखेने काय करायचे? रेणूच्या आकृतीला भाषा लागत नाही. ती जपानातही वाचता येते आणि जळगावातही. पण तिच्या भोवतालच्या मजकुराला भाषा लागते, आणि तो आमच्या घरांपर्यंत अजून पोहोचलेला नाही. तो पोहोचवणे हे काम आमचे आहे. न जाणो, पुढचे आयसोनियाझिड आजही कोठल्या तरी कागदावर गप्प बसलेले असेल. त्याला बोलते करणारा रसायनशास्त्रज्ञ उद्या एखाद्या अशा घरातून येईल, जिथे आज औषधाचे पाकीट कोणालाच वाचता येत नाही.