पिवळ्या गोलातला आकडा

मुक्काम मरोदा, भिलाई.

दुर्गच्या एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ म्हणून आलो, त्याला आता दीड वर्ष झालं. नोकरीचं हे शेवटचं वर्ष. घर मरोद्यात भाड्याने घेतलंय. सकाळी दल्लीराजहराकडून लोहखनिज भरलेल्या मालगाड्या स्टेशनातून स्टील प्लांटकडे जातात, त्यांच्या आवाजाने जाग येते. अलार्मची गरज नाही.

सध्या आमच्या घरात एकच विषय आहे, पिकअप. रिटायर होऊन गावी, म्हणजे सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात जायचं. धाकटा भाऊ चार एकर शेती बघतो, आलं हे मुख्य पीक. त्याचं म्हणणं, "दादा, तुझ्या पैशातून पिकअप घेऊ. भाड्याच्या गाडीला किती दिवस पैसे मोजायचे?" मी बटालियनच्या एमटी प्लाटूनचा माणूस, आयुष्य स्टिअरिंगवर गेलं. मलाही मोह होताच.

सुरुवात चुकीच्या टोकापासून केली. मोबाईलवर अमेरिकेतली फोर्ड एफ-१५० बघत बसलो. फुल-साइज पिकअप म्हणतात ती हीच. लांबी जवळजवळ सहा मीटर, आत पाच माणसं ऐसपैस, आणि सगळ्यात खपणाऱ्या मॉडेलचा हौदा मात्र साडेपाच फुटांचा. आपल्याकडे शोरूममध्ये मिळणारी त्यातल्या त्यात जवळची म्हणजे टोयोटा हायलक्स. २.८ लिटर इंजिन, २०४ हॉर्सपॉवर. २०२२ साली आली तेव्हाच किंमत चौतीस लाखांच्या घरात होती. गाडी देखणी आहे, पण तिच्यात आल्याची पोती टाकायला माझाच हात धजणार नाही. इसुझूच्या व्ही-क्रॉसचंही तेच. ती पांढऱ्या नंबर प्लेटची, हौस भागवणारी गाडी.

मग जमिनीवर आलो. आपल्या कामाच्या दोनच, महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटाची योद्धा. आमचे घरमालक काका आणि मी दोन रविवार जी.ई. रोडवरच्या शोरूम पालथ्या घातल्या. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, प्लांटमध्ये तीस वर्षं क्रेन चालवून रिटायर झालेले. बोलेरो पिकअप सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत वेगवेगळ्या वजनाची मिळते. योद्धा २.० ही सप्टेंबर २०२२ मध्ये आली, दोन टन पेलणारी, २.२ लिटर इंजिन, १०० हॉर्सपॉवर. तेव्हा शोरूमची किंमत दहा लाखांना थोडी कमी होती. दोन्ही गाड्यांचे पाटे मी खाली वाकून बघितले, लोड नसताना आणि असताना चालवणाऱ्या दोन ड्रायव्हरांशी बोललो. गाड्या दोन्ही दणकट आहेत.

एका शोरूममधला पोरगा मला म्हणाला, "सर, कागज पे डेढ़ टन है, ढाई टन आराम से उठाती है. सब भरते हैं." मी हसलो. काका हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाऊ, आमच्या क्रेनच्या गर्डरवर आकडा लिहून राहाचा. त्याच्यावर उचलाचं नाही म्हंजे नाही. लोखंड बोलत नाही, पण हिसाब ठेवते."

त्या रात्री भावाचा फोन आला. त्याने हिशोब केला होता, "दादा, एका खेपेत पाच गाड्या आलं पुण्याला गेलं की हप्ता सुटला." आमच्याकडे आलं 'गाडी'वर विकतात, एक गाडी म्हणजे ५०० किलो. पाच गाड्या म्हणजे अडीच टन. आणि 'एका खेपेत' हे शब्द ऐकले, तशी माझी झोप उडाली. ते शब्द माझेच होते.

गोष्ट २००४ सालची. राजौरी भागात आमच्या युनिटकडे निसान वन-टन होती. जुन्या लोकांना आठवत असेल, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, पेट्रोल पिणारी. तीही एक पिकअपच म्हणा. फौजी गाडीच्या पुढे पिवळ्या गोलात एक आकडा असतो, तो गाडीचा लोड क्लास. पुलावरही तसाच आकडा असतो. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर गाडी पुलावर घालायची नाही. हे प्रत्येक ड्रायव्हरला पहिल्या दिवशी शिकवतात. मलाही शिकवलं होतं. त्या दिवशी खालच्या पोस्टवर सिमेंट न्यायचं होतं. एक टन म्हणजे वीस पोती. माझे उस्ताद सांगलीकडचे हवालदार, ते म्हणाले वीसच भर, दुपारी दुसरी खेप मारू. ते चहाला गेले आणि मी बत्तीस चढवली. आल्यावर त्यांनी बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हणालो, "उस्ताद, एका खेपेत होईल." संध्याकाळी सुट्टीचा ट्रक पकडायचा होता ना मला. पोती उतरवायला वेळ नव्हता. ते गप्प बसले आणि स्टिअरिंग मात्र स्वतःकडे घेतलं.

तिसऱ्या वळणावर ब्रेक तापले. पॅडल पार खाली गेलं तरी गाडी थांबेना. डावीकडे दरी होती. उस्तादांनी गाडी उजवीकडे डोंगरावर घातली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांचा उजवा हात कोपरातून मोडला, तो नंतर कधी सरळ झाला नाही. चौकशीत त्यांनी सांगितलं, गाडी माझी, लोड माझ्या जबाबदारीवर. शिक्षा त्यांना झाली. मी समोर उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही.

हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री आधी बायकोला सांगितलं, मग भावाला परत फोन लावून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, खंबाटकीचा बोगदा सुटला की पुण्याच्या बाजूला ते एस वळण आहे ना, तिथं मी भाड्याच्या गाडीत बसून जातो तेव्हा डोळे मिटतो." तो पाच गाड्यांचं पुन्हा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने वही काढली. "अहो, आधी गेल्या वर्षीचं भाडं लिहा. मग गाडी." भावाकडून माहिती घेतली. एकूण खेपा ३४. कोरेगाव-सातारा २०, सरासरी १,५०० रुपये. पुणे मार्केट यार्ड १४, सरासरी ५,०००. बरोबर एक लाख, डिझेल आणि ड्रायव्हर धरून. उलट सात लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ताच महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास, वर्षाला एक लाख ऐंशी हजार. वर डिझेल, विमा, टायर. नव्या मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, पुढे दरवर्षी. म्हणजे नुसत्या घरच्या मालावर पिकअप परवडत नाही. शेजाऱ्यांचा माल वाहिला तरच परवडते. हे कोणत्याही शोरूमने सांगितलं नव्हतं. मुलगी बारावीला आहे. बायको एवढंच म्हणाली, "गाडीला स्टेपनी असते. आपल्या पैशाला कुठाय?"

शेवटी ठरलं ते असं. कर्ज भावाच्या नावावर, डाउन पेमेंटचे चार लाख निम्मे निम्मे. बाकी ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनला हात लावायचा नाही. गावातल्या चार शेतकऱ्यांशी आधी बोलून घ्यायचं. एका खेपेला तीनच गाड्या, म्हणजे दीड टन. मग दीड टनांची का नाही? कारण हौद्यावर लोखंडी जाळी बसवली, दोन हमाल बसले की ते वजनही पेलायच्या आकड्यातूनच वजा होतं. म्हणून १.७ टनवाली. दोन टनांची का नाही? आमच्या भावाला मी ओळखतो, जागा दिसली की तो भरणार. दोन्ही कंपन्यांत बोलेरो घ्यायची, कारण तिच्यावर हात बसलेला मेकॅनिक आमच्या चौकातच आहे.

रिटायर होणाऱ्या भावांसाठी दोन गोष्टी. ब्रोशरवर जाऊ नका, आरसीवर लिहिलेलं रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण वजन बघा. त्यातली वजाबाकी तेवढी तुमची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर जादा प्रत्येक टनाला २,०००. आणि लायसन्सची काळजी असेल तर ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय, साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

दिवाळीत गावी जाऊन बुकिंग करणार आहे. जाताना सांगलीला उतरायचंय. उस्तादांचा पत्ता एका जुन्या दोस्ताकडून मिळालाय. एकवीस वर्षं झाली. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, पण जायचं ठरलंय.

जय हिंद.