वांगी रंगाची ऑर्डर

पैठणीला मॅचिंग केक ही हल्लीची फर्माईश. बारसं असो की साठीशांत, आधी साडीचा फोटो मोबाइलवर येतो. मी घरूनच केक करते. गेल्या हिवाळ्यात डोहाळजेवणाची एक ऑर्डर आली. “ताई, अंग वांगी आणि काठ हिरवा. जांभळा नको हं, वांगीच!”

फोटोवरून मी रंग ठरवत नाही. प्रत्येक फोनवर तो निराळा दिसतो. ब्लाउजपीसचा तुकडा मागवून घेतला आणि खिडकीपाशी ठेवला. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग दिवसाउजेडी हमखास दगा देतो.

खरी मेहनत रंग घालण्याआधीच सुरू होते. बटरक्रीम मुळात पिवळट असतं आणि पिवळा हा जांभळ्याचा वैरी. दोघे भेटले की मातकट छटा येते. म्हणून बिनमिठाचं फिकट बटर घेतलं आणि पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटलं. तरी राहिलेला पिवळेपणा जांभळ्या जेलच्या एका ठिपक्याने मारला.

जांभळा म्हणजे लाल अधिक निळा, हे शाळेतलं गणित इथे चालत नाही. बाजारातल्या बऱ्याच लाल जेलमध्ये नारिंगीची झाक असते आणि निळ्यात मिसळली की ती तपकिरीकडे जाते. मी गुलाबी आणि निळा घेतला, गुलाबी जास्त. वांग्याच्या सालीचा तो गडद, किंचित काळसर भाव यावा म्हणून शेवटी टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा काळा. आधी हे सगळं चमचाभर क्रीमवर करून पाहिलं. तुकड्याशी जुळल्यावरच मोठ्या बाउलला हात लावला.

तरीही रंग कापडापेक्षा एक पायरी फिका ठेवला, कारण बटरक्रीममध्ये तो मुरतो आणि काही तासांत गडद होतो. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी तुकडा शेजारी धरला, तर वांगी अगदी वांगी! मग केक पोहोचेपर्यंत डबा बंद ठेवला. उजेडात जांभळ्यातला गुलाबी आधी उडतो आणि केक निळसर पडतो.

अजून गडद करता आला असता, पण मी थांबले. आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि केकमध्ये त्यांची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम. शिवाय जास्त रंगाने क्रीम कडवट लागतं, पाहुण्यांच्या जिभा रंगतात त्या वेगळ्याच. म्हणून रंगीत थर फक्त बाहेरून, पातळ. आतलं क्रीम पांढरंच. सुट्या पुड्यांतला रंग तर मी घरात आणत नाही. ऱ्होडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली होती.

तेव्हा साडीसारखा केक हवा असेल, तर फोटोऐवजी कापडाचा तुकडा द्या आणि ऑर्डर दोन दिवस आधी सांगा. शेड थोडी फिकी आली तर चालवून घ्या. साडी नेसायची असते, केक पोटात जातो.