कांडी फिरवायची की टेकवायची?

गाडीतलं ऑइल मोजायची कांडी आटे फिरवून पूर्ण बसवायची, की नुसती टेकवून बाहेर काढायची? तेलगावात मला याची दोन ठाम उत्तरं मिळाली. मामा म्हणाले, फिरव. मिस्त्री म्हणाले, टेकव. दोघांच्याही गाड्या वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत आलेल्या, त्यामुळे खोटं कुणाला म्हणायचं? मी पहिल्यांदाच इतक्या लांब गाडी नेणार होते आणि मला एकच उत्तर हवं होतं.

दिवाळी झाली की आमच्या धारूर, वडवणी, केज तालुक्यांतली गावं ओस पडायला लागतात. आगाऊ उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, ट्रक-ट्रॅक्टरनं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. आई आणि अण्णा आधीच गेले होते. त्यांची टोळी मिरज तालुक्यात उतरली होती आणि अण्णांची स्प्लेंडर घरी राहिली होती. ज्यांनी ऊसतोड पाहिली नाही त्यांना वाटेल, मजुराला तिथं गाडी कशाला? पण कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, असतात शिवारात, गाव लांब, दवाखाना त्याहून लांब. रात्री कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, एखादी बाई अडली, तर टोळीत चालू मोटरसायकल आहे की नाही यावर सगळं अवलंबून असतं. मामा-मामी त्याच बाजूला निघाले होते. त्यांच्या मागोमाग मी गाडी न्यायची असं ठरलं. तेलगाव, धारूरचा घाट, केज, कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज. तीनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता.

गाडी मला येत होती. गाडीच्या पोटात काय चालतं ते येत नव्हतं.

पहिला गोंधळ दुकानातच झाला. फळीवर बाटल्याच बाटल्या. एकीवर १०डब्ल्यू-३०, दुसरीवर २०डब्ल्यू-४०, एक मोटारीची, ती लिटरला स्वस्त पडत होती. दुकानात आलेला एकजण म्हणाला, जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला. दुसरा म्हणाला, ऑइल ते ऑइल, मोटारीचं घेऊन टाका. मोटारीच्या ऑइलचं मिस्त्रींनी समजावून सांगितलं, तेव्हा कुठं मला उलगडा झाला. मोटारीच्या इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि क्लच कोरडा असतो. आपल्या मोटरसायकलीत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच हे सगळं एकाच ऑइलात भिजलेलं असतं. मोटारीच्या ऑइलात घर्षण कमी करणारी जी द्रव्यं घालतात ती क्लचच्या प्लेटांना घसरवतात. इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही. म्हणून बाटलीवर ‘जासो एमए’ हा शिक्का बघायचा. हा जपानी दर्जा आहे, ओल्या क्लचच्या दुचाकींसाठी. आकड्यांचंही तसंच. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावर त्याची जाडी किती टिकते त्याचा. कंपनीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलेलं होतं. मी तेच घेतलं.

ऑइल बदलताना मिस्त्रींच्या शेजारी बसून मी सगळं पाहिलं. आधी गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाची घाण सोबत घेऊन उतरतं. पण फार तापवायची नाही, हात भाजतो. खालचा नट सोडला आणि काळंभोर ऑइल पत्र्याच्या डब्यात पडलं. नट परत बसवताना त्याचं वायसर नीट बघायचं आणि जीव खाऊन आवळायचं नाही, कारण वरचा धातू ॲल्युमिनियमचा. एकदा आटे गेले की काम वाढलं. मी विचारलं, फिल्टर कुठाय? तर मोटारीला असतो तसा काढून बदलायचा फिल्टर या शंभर सीसीच्या इंजिनात नसतोच. आत एक जाळी असते आणि गरगर फिरून घाण कडेला फेकणारी एक वाटी. दोन्ही क्लचच्या झाकणामागं. कीस, काजळी, धूळ यांतलं बरंचसं ऑइलातच फिरत राहतं. ऑइल कमी झालं तर सांगणारा दिवाही या गाडीला नाही. हे कळल्यावर मला खरंच भीती वाटली. लिटरभराच्या आतलं ऑइल, त्यावर पूर्ण इंजिनाचा जीव, आणि ते आटलं तर इशारा द्यायला एक कांडी. तीही आपण होऊन काढून पाहिली तर.

कांडीचा निकाल पुस्तिकेनंच लावला. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करायची, इंजिन काही मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. कांडी पुसून घ्यायची आणि आटे न फिरवता नुसती टेकवायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसलं पाहिजे. मामांना मी मोबाइलवर ती ओळ दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. फिरवून बसवली की कांडी खोल जाते आणि असतं त्यापेक्षा ऑइल जास्त दिसतं. म्हणजे इंजिन तहानलेलं असतानाही आपण निर्धास्त. पण हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. काही गाड्यांत फिरवूनच मोजतात, म्हणून ज्या त्या गाडीची पुस्तिका बघायची. मामांची गाडी वेगळ्या कंपनीची होती.

तेलगाव सोडलं की धारूरचा घाट लागतो. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, त्यात हंगामाची वाहतूक. माझ्या मागं कपड्यांचं गाठोडं, ज्वारीच्या पिठाचा डबा, आईनं मागवलेलं काळं तिखट. पुढं भरलेला ट्रक रांगत होता आणि ओव्हरटेक करायला जागा नव्हती. दुसऱ्या गिअरवर इंजिन ओरडत होतं, पण गाडीला वेग नाही. ही इंजिनं वाऱ्यावर थंड होतात आणि अशा चढाला नेमका वाराच मिळत नाही. तेव्हा आतली उष्णता वाहून न्यायचं बरंचसं काम ऑइलवर पडतं. माथ्यावर पोचल्याबरोबर मी थांबले आणि कांडी काढली, तर ऑइल खालच्या खुणेलाही जेमतेम लागलेलं. पोटात गोळा आला.

“माय, जरा दम धर,” मामा म्हणाले. “वर चढलेलं ऑइल खाली तर येऊ दे.”

गाडीही कलत्या जागेवर होती. ढकलत टपरीसमोर सपाटीला आणली, चहा होईस्तोवर थांबलो, परत पाहिलं. ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं. वरून आणखी ओतायला मी बाटली हातात घेतली होती, ते टळलं. जास्त ऑइलही वाईटच. आतल्या फिरत्या भागांनी ते घुसळलं जातं, फेस होतो आणि श्वासनळीतून एअर फिल्टरकडं फेकलं जातं.

तिथंच मामांनी चेन बघायला शिकवली. चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोटानं वर-खाली हलवायची, दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. माझी त्याहून सैल होती. एक्सलचा नट ढिला करून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवत चाक मागं ओढलं. एका बाजूला जास्त ओढलं गेलं तर चाक तिरपं बसतं. मग चेनला ऑइल, तेही आतल्या बाजूनं, थेंब-थेंब.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. तेलगावात काढलेलं काळं ऑइल मी मिस्त्रींना विचारून त्यांच्या ड्रममध्ये ओतलं, कारण त्यांच्याकडे ड्रम होता. रस्त्यावरच्या कितीतरी दुकानांपुढं मी पाहिलं, ऑइल सरळ मातीत जातं. आमच्या गावात ते दाराच्या चौकटीला लावतात, वाळवी लागत नाही म्हणून. कुणी जनावरांच्या अंगाला लावतं, गोचीड जावी म्हणून, आणि जनावर ते चाटतं. या ऑइलात जळताना तयार झालेली, कॅन्सर करणारी द्रव्यं असतात, धातूंचा कीस असतो. आपल्या देशात २०१६च्या नियमांप्रमाणं ते घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी टाकलेली आहे. पण तेलगावच्या माणसाला हे सांगायला कोण येणार?

मी ज्या मिरजेकडं निघाले होते, तिथूनच २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडं तेव्हा टँकर होते. हंड्यासाठी रात्र-रात्र जागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. अशा मुलखात विहिरीपासून हाकेच्या अंतरावर काळं ऑइल मातीत ओतलेलं मला बघवत नाही. थोडंसं ऑइलही पुष्कळ पाण्याची चव आणि वास बिघडवतं.

टोळीवर पोचल्यावर अण्णांनी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग माझ्याकडं बघितलं. आता ऑइल कधी बदलायचं यावर बोलणं सुरू झालं. पुस्तिका किलोमीटर सांगते, पण गाडीच्या मीटरचा काटा कधीचाच बंद. शिवाय इथं गाडी चालणार उसाच्या फडाच्या धुळीत, बहुधा दोघांना घेऊन आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. अण्णा म्हणाले, बाजारच्या दिवशी सकाळी कांडी बघत जाऊ, आणि ऑइल महिन्याला बदलू. मी म्हणाले, एअर फिल्टरही त्याच दिवशी झटकायचा. पत्र्याचा एक डबा झाकणासकट कोपीमागं ठेवला आहे, काळं ऑइल त्यात जमेल. टोळीतल्या बाकीच्या गाड्यांचंही त्यातच ओतायचं असं मामांनी सगळ्यांना सांगितलं. डबा भरला की मिरजेत तो कुठल्या नोंदणीकृत माणसाकडं द्यायचा, याची चौकशी माझ्याकडं आहे.