गाडी कोणाच्या नजरेत ठेवावी?

चांदूर बाजारच्या संत्राबागा ओलांडून उत्तरेकडे निघाले की सातपुड्याची निळसर रांग हळूहळू जवळ येऊ लागते. बहिरम, मुक्तागिरी, परतवाड्याहून घाट चढून गाठावयाचे चिखलदरा आणि त्यालगतचा गाविलगड, ही ठिकाणे एका दिवसात पाहून परतण्याजोगी आहेत. हिवाळ्यात घरातील वडीलधाऱ्यांना तिकडे नेण्याची अनेक कुटुंबांची रीतच आहे. या प्रवासात एक जागा अशी येते की तेथे रस्ता संपतो, गाडी मागे राहते आणि पुढची वाट पायांनीच चालावी लागते.

अशा वेळी आपल्याला चिंता असते ती चोरीची. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर प्रश्न त्याहून मोठा असतो. त्यांच्या दृष्टीने गाडी म्हणजे विसाव्याची खोली, औषधांची पेटी आणि प्रसंगी दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचे एकमेव साधन. ती जागेवर व चालू स्थितीत मिळालीच पाहिजे. म्हणून वाटेच्या अगदी तोंडाशी, निर्जन सावलीत गाडी उभी करण्यापेक्षा दोनशे पावले अलीकडे, माणसांच्या वावरात ती ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. एखादी चहाची टपरी, देवस्थानचे आवार, शेतातील घर यांच्यासमोर, अर्थात विचारून. विचारले की वऱ्हाडातला माणूस बहुधा नाही म्हणत नाही. उलट पाणी पुढे करतो. कोठे चाललो आहोत व किती वाजेपर्यंत परतू, हेही त्याला सांगून ठेवावे. उशीर झाला तर निदान एका माणसाला त्याची जाणीव राहते.

जागा निवडताना इकडची माती ओळखावी. काळी जमीन वरून कोरडी दिसली तरी एका सरीने चिकट होते आणि चाके जागच्या जागी फिरत राहतात. पांदण रस्त्यावर गाडी लावली तर बैलगाडी आणि संत्र्याची वाहने अडतात. पावसाळ्यात कोरड्या नाल्याच्या पात्रात तर कदापि थांबू नये. येथे आभाळ निरभ्र असले तरी वर डोंगरात कोसळलेला पाऊस काही वेळातच खाली लोंढा घेऊन येतो. हिवाळा-उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करणे हेही आगीला निमंत्रण. उतारावर हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि तिचे तोंड परतीच्या रस्त्याकडे करावे. बहिरमला डिसेंबरात सुरू होणारी यात्रा महिनाभराहून अधिक चालते. त्या दिवसांत वाहनांच्या दाटीत मध्येच अडकण्यापेक्षा कडेला थांबून थोडे अधिक चाललेले बरे.

सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. मुक्तागिरीच्या पायऱ्या पाहून एखादे आजोबा म्हणतात, “तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसतो.” बावन्न मंदिरे आणि धबधबा पाहून येईपर्यंत सहज दोन तास जातात. बंद गाडीत उन्हाने अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा ते अठरा अंशांनी उष्णता वाढू शकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. उतारवयात तहान कमी जाणवते, घाम कमी येतो आणि लघवी वाढविणारी औषधे चालू असल्यास शरीरातील पाणी लवकर घटते. त्यातच मागच्या दाराला मुलांसाठीचे कुलूप लावलेले असेल तर ते आतून उघडत नाही, आणि किल्ली नेलेली असल्यास बहुतेक गाड्यांच्या काचाही खाली येत नाहीत. म्हणून थांबणाऱ्याला गाडीत न बसवता धर्मशाळेच्या किंवा झाडाच्या सावलीत बसवावे. सोबतीला एक जण, पाणी आणि फोन असावा.

औषधांचेही तसेच. इन्सुलिन, साखर तपासण्याच्या पट्ट्या, जिभेखाली ठेवण्याची हृदयविकाराची गोळी, दम्याचा पंप यांपैकी काहीही तापणाऱ्या गाडीत ठेवू नये. ते चालणाऱ्याच्या खांद्यावरील पिशवीत असावे, कारण वरच्या पायरीवर छातीत कळ आली तर खाली राहिलेल्या गोळीचा उपयोग नाही. मुक्तागिरी मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात मोडते आणि गाविलगड मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही. 112 आणि 108 हे क्रमांक सर्वांना तोंडपाठ असावेत, पण गाडी चालविता येणारे निदान दोघे सोबत असणे त्याहून उपयोगी. किल्ली कोणाकडे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे.

खाऊच्या पिशव्या काचेतून दिसतील अशा ठेवू नयेत. चिखलदऱ्याची माकडे त्या अचूक हेरतात.

दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरावे, कारण उतरताना थकलेल्या गुडघ्यांना अंधारात पायरीचा अंदाज येत नाही. गाडीपाशी आल्यावर आधी चाके पाहावीत, गाडीखाली कुत्रे किंवा वासरू बसले आहे का ते वाकून बघावे आणि चारही दारे दोन-तीन मिनिटे उघडी ठेवावीत. आतली धग निघून गेली, आसनाचा चटका हाताला लागेनासा झाला, की मग आजींना आत बसवावे.