मशिदीच्या मागे, निळा दरवाजा

नववीच्या वर्गात पत्रलेखन शिकवत होतो. उर्दू माध्यमाची मुलं, मराठीचा तास. फळ्यावर पत्ता लिहिला: घर क्रमांक, रस्ता, पिन कोड. एका मुलीने विचारलं, "सर, हमारे घर को नंबर ही नहीं. क्या लिखूँ?"

प्रश्न माझाही होता. मालेगावात मोसम नदीच्या पूर्वेला आमचा मोहल्ला. शेतजमिनीचे प्लॉट पडले, घरं झाली, पण पत्त्यात जमिनीचा सर्व्हे नंबरच राहिला. एका नंबरात कितीतरी घरं. 'गल्ली नंबर ४' शेजारच्या मोहल्ल्यातही आहे. घरपट्टीच्या पावतीवर क्रमांक असतो, दारावर नसतो. भाडेकरूकडे तर पावतीही नसते.

पूर्वी अडत नव्हतं. पोस्टमन चाचा नावावरून घर ओळखायचे. आता कुरिअरचा मुलगा दर महिन्याला नवा. मोबाइलचा नकाशा त्याला मेन रोडवर सोडतो. तो फोन करतो, तर यंत्रमागांच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही. गेल्या वर्षी अब्बांचं औषध असंच 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत गेलं. आठ दिवस उसनवारीच्या गोळ्यांवर काढले.

मी चिडलो. म्हटलं, यांना आपल्या भागात यायचंच नसतं. "उस एरिया में नहीं आते" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. पण एकदा परक्या माणसाच्या नजरेने गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. एक पाटी नाही. दुकान, मशीद, निळा दरवाजा, या सगळ्या खुणा ओळखीच्या माणसांसाठी.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून. पण ते सहा अंक पोस्टापर्यंत नेतात, दारापर्यंत नाही. २०२५ मध्ये डाक विभागाने डिजिपिन आणला. त्याची दहा चिन्हं सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन दाखवतात. पण त्या चौकोनात तीन मजल्यांवर तीन भाऊ राहत असतील, तर पार्सल कुणाच्या दारात?

दारावरचा नंबर आणि गल्लीची पाटी हवीच. म्हणून वर्गाला गृहपाठ दिला: महानगरपालिकेला विनंतीपत्र. त्या मुलीचं पत्र सर्वांत चांगलं होतं, तेच पाठवलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तिने 'मशिदीच्या मागे, निळा दरवाजा' लिहिलं होतं.

उत्तर परत जाऊ नये, म्हणून खाली शाळेचा पत्ता घातला.