हजार पौर्णिमा

आजीची जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नव्हती. ठाऊक होते ते तिथी आणि शक. सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा शकात ७८ मिळवून मी इसवी सन काढला आणि तिथीपाशी अडलो. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडला १८५३ साली जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आयुष्य या कामाला वाहिलं. रॉबर्ट स्यूएलबरोबर त्यांनी केलेलं ‘द इंडियन कॅलेंडर’ १८९६ साली आलं. तिथीवरून इंग्रजी तारीख काढायची कोष्टकं त्यात आहेत. त्या आकड्यांमागचे डोळे आणि जागरणं आठवली की मला भरून येतं.

पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. हजारांचे २९,५३०. त्यांना ३६५.२५ नं भागलं की ८० वर्षं आणि जवळपास १० महिने. पण तेवढ्या वर्षांचे महिने होतात ९७०. मग वरच्या ३० पौर्णिमा आल्या कुठून?

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “धोंड्याच्या धरल्यास काय रे?”

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. सूर्याच्या मागे पडणारे अकरा-अकरा दिवस साठत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना पदरात पडतो. त्याला स्वतःचं नावही नाही, पुढच्या महिन्याचं उसनं घेतो. मी त्या तीस महिन्यांना विसरलो होतो. ती विसरली नव्हती, कारण प्रत्येक धोंड्यात तिनं जावयांसाठी अनारसे तळले होते.

तिथीचा हिशेब पाण्यालाही लागायचा. भाट्याच्या खाडीवर पूल होण्याआधी पलीकडे तरीनं जायचं, आणि तरीला लागायचं भरतीचं पाणी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खरं तर दिवसाच्या साठ घटका, महिन्याच्या तीस तिथी. भरती तिथीमागे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं पुढे सरकते. पण तरीवर पाऊणपट पुरते.

खाडीवरच्या टेकडीवर थिबा राजाचा वाडा आहे. ब्रह्मदेशातून हद्दपार झालेला हा राजा १८८६च्या एप्रिलात रत्नागिरीत आला आणि १९१६च्या डिसेंबरात इथंच गेला. त्याचंही पंचांग चांद्र, पौर्णिमा पाळणारं. त्याच्या वाट्याला इथल्या पावणेचारशेच्या वर पौर्णिमा आल्या. तीस वर्षं म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. परक्या समुद्रावर उगवणारा तोच चंद्र इतक्या वेळा, हे मात्र सोसवत नाही.

सोहळ्याच्या दिवशी पौर्णिमाच होती. ओवाळून झालं, माणसं पांगली. आजी पडवीत बसून राहिली. आत चल म्हटलं तर म्हणाली, “पंधराची पाऊणपट कर.”

सव्वाअकरा.

“मग थांब जरा. पाणी भरू दे.”